आटे बसले, पण फिल्टर जुळला का?

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे भरलेली पिकअप दिवसभर पेठांच्या बोळांतून थांबत-चालत फिरते, नाहीतर माल घेऊन दिवेघाट चढते. डिझेल इंजिनाच्या ऑइलला ही दोन्ही कामं जड जातात. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये काजळी आणि न जळलेलं डिझेल साचतं. घाटात ऑइल तापून पातळ होतं आणि बेअरिंगवरचा त्याचा थर आणखी बारीक होतो. हा थर मुळात काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. म्हणजे 10-20 मायक्रॉनचा, डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा बेअरिंगवर चरे पाडू शकतो. ते कण अडवायचं काम ऑइल फिल्टरचं.

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत, जुना फिल्टर काउंटरवर ठेवून ‘असाच द्या’ म्हणायची पद्धत आहे. इथेच फसगत होते, कारण फिल्टरचा डबा सारखा दिसला तरी आटे वेगळे असू शकतात. पाऊण इंचाचे 16 आट्यांचे आणि 20 मिलिमीटरचे दीड पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), ही दोन मापं बाजारात सर्रास मिळतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, आणि दर इंचाला 16 आटे म्हणजे पिच 1.59. त्यामुळे 20 चा फिल्टर पाऊण इंचाच्या स्टडवर (इंजिनावरच्या आट्यांच्या नळीवर) फिरतो, रबर रिंग टेकली की घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड निम्म्याहून कमी असते. रिंगचा आतला व्यास 62 मिलिमीटर धरा: क्षेत्रफळ 30 चौरस सेंटिमीटर. थंड इंजिन चालू होताना ऑइलचा दाब 5 बारपर्यंत गेला, तर डब्याला खाली ढकलणारा जोर होतो सुमारे दीडशे किलो. आटे सुटले, तर इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑइल बघता बघता रस्त्यावर येतं.

म्हणून जुना डबा नव्हे, पार्ट नंबर दाखवा. तो मॅन्युअलमध्ये असतो किंवा चेसिस नंबरवरून डीलरकडे निघतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं मानक आलं, तेव्हा अनेक गाड्यांची नावं तीच राहिली आणि इंजिनं बदलली. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही ते यामुळे.

आतले दोन व्हॉल्व्हही तितकेच महत्त्वाचे. फिल्टरमधला गाळणीचा कागद तुंबला किंवा ऑइल थंड आणि घट्ट असलं, की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं का होईना, ऑइल बेअरिंगला मिळतं. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये असतो, काहींत फिल्टर बसतो त्या हेडमध्ये. चुकीच्या फिल्टरमुळे तो दोन्हीकडे नसला, तर दाबाने कागद फाटतो. तो फार लवकर उघडणारा असला, तर गाळण अर्धवट राहते. दुसरा अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह, म्हणजे मधल्या आट्यांच्या भोकाभोवती, पत्र्यामागे दिसणारी रबरी चकती. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल, तर रात्रभर ऑइल खाली उतरू नये म्हणून ती हवीच. साधं रबर उष्णतेने कडक होतं, मग सकाळी पहिले काही सेकंद इंजिन खडखडतं. सिलिकॉनची चकती जास्त टिकते.

‘10 मायक्रॉनचा फिल्टर’ एवढ्याने काही कळत नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात ते विचारा. हे प्रमाण बीटा या आकड्याने सांगतात: बीटा 75 म्हणजे 75 कण आले तर एकच निसटतो, म्हणजे 98.7 टक्के अडतात.

बदलताना इंजिन थोडं गरम असावं. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग डब्याबरोबर आली का ते पाहा. ती वर चिकटून राहिली आणि त्यावर नवी बसली, तर दाब येताच मधून ऑइल उडतं. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पाऊण फेरा द्या. डब्यावर वेगळं छापलेलं असेल तर ते पाळा. पाना लावून आवळू नका, रिंग चेपते आणि पुढच्या वेळी डबा निघत नाही. कार्ट्रिज असेल, म्हणजे डबा न बदलता फक्त आतला कागदी भाग बदलायचा असेल, तर टोपणाची ओ-रिंग दर वेळी नवी घाला.

गाडी चालू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. 10 सेकंदांत विझला नाही, तर लगेच बंद करा. विझला, तर इंजिन दोन मिनिटं जागेवरच चालवून फिल्टरची कड गळते का ते पाहा, मग सपाट जागी 10 मिनिटं थांबून काडीवर पातळी मोजा. नवा फिल्टर ऑइल भरून घेतो, म्हणून ती उतरलेली असते. तेवढं वरून घाला.