डग्ग्याचा ‘घे’ आणि खोलीचा खर्ज

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणारा माझा एक मित्र घरीच तबल्याचं रेकॉर्डिंग करतो. चाट (तबल्याच्या कडेवरचा बोल) लख्ख यायची, पण डग्ग्यावर ‘घे’ पडला की पुढचे दोन बोल त्यात बुडायचे. त्याने भिंतींना दोन इंची फोम लावला. टाळीचा खणखणाट गेला, घुमणं मात्र तसंच राहिलं.

दोष डग्ग्यात नव्हता. खोलीलाही स्वतःचे स्वर असतात. ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराएवढी असते, तो त्यांच्यात अडकून फुगतो. हिशेब सोपा आहे : 565 ला अंतराच्या फुटांनी भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. मित्राची खोली 12 बाय 10, उंची साडेनऊ फूट. म्हणजे साधारण 47, 56 आणि 59 हर्ट्झ. रुंदी आणि उंची जवळपास सारखी, त्यामुळे दोन स्वर एकाच जागी साचले. शिवाय चारही भिंतींना धडकत फिरणारा आणखी एक स्वर 73 हर्ट्झच्या आसपास निघतो. पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, लावलेल्या तंबोऱ्याचा खर्जही नेमका तिथेच!

मग फोम का हरला? फोम, कापूस, रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) हे सारे हलत्या हवेला घर्षणाने अडवतात आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलतात. पण भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलतच नाही, तिथे फक्त दाब वरखाली होतो. 56 हर्ट्झची हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून दीड मीटरवर. दोन इंचांचा तिथे काय पाड?

परदेशी व्हिडिओंमधले उपाय आपल्याकडे तोकडे पडतात, त्याचं एक कारण भिंतीच आहेत. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून उभी असतात. त्या भिंती थरथरतात आणि थोडा खर्ज बाहेर सोडतात. आपलं काँक्रीट तो जवळजवळ सगळा परत पाठवतं.

खोलीच्या या सगळ्याच स्वरांचा दाब कोपऱ्यात एकवटतो, म्हणून उपचार तिथे करायचा. सहा इंच जाडीचं रॉकवूल कापडात गुंडाळून कोपऱ्यात तिरकं उभं करावं, जमिनीपासून छतापर्यंत. मागे पोकळी राहते, तिचाही उपयोग होतो : रॉकवूल भिंतीपासून सुटं, हवा थोडी हलते तिथे येतं. खर्च करण्याआधी आम्ही घरातल्या कापसाच्या चार गाद्या दुमडून कोपऱ्यांत उभ्या केल्या. खोलीचे स्वर गेले नाहीत, पण त्यांची शेपटी आखडली. ‘घे’नंतरचा ‘ना’ सुटा ऐकू आला, तेव्हा मित्राने तोच तुकडा पाच वेळा वाजवला.

माइक खोलीच्या बरोबर मधोमध ठेवू नये. तिथे लांबी-रुंदीच्या पहिल्या स्वरांचा दाब शून्याजवळ जातो, डग्गा पोकळ वाटतो आणि हरवलेला खर्ज नंतर इक्वलायझरने भरून येत नाही. जागा शोधायची तर मोठ्या स्पीकरवर 40 ते 100 हर्ट्झचा स्वर हळूहळू चढवत खोलीभर फिरा. मोबाइलच्या स्पीकरला हे स्वर झेपत नाहीत.