वास येईनासा झाला आहे? संच उघडण्याआधी हे वाचा

या संचात गडद काचेच्या चार बाटल्या आहेत: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे संशोधक थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गंधसरावाचा, म्हणजे गेलेला वास परतावा म्हणून रोज ठरावीक गंध हुंगण्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच चार गंध होते. सरावाची रीत पुढे दिली आहे. त्याआधी एक कळकळीची विनंती: वास का गेला हे नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून समजून घ्या, मगच बाटली उघडा. नाकातली वाटच बंद असेल तर कितीही हुंगले तरी गंध पोचायचा नाही, आणि मोलाचे महिने वाया जातील.

बिघाड कुठे होतो

गंध ओळखणारे अस्तर नाकात अगदी वर, दोन डोळ्यांच्या मध्ये असते. त्यातल्या गंधपेशींवर सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे गंधाचे कण टिपणारे ग्राहक, असतात. पेशींचे बारीक तंतू चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूकडे जातात. म्हणून बिघाडाच्या जागा तीन. पहिली नाकातली वाट: सर्दी, सायनसची जुनी सूज, पॉलिप (नाकातली मऊ वाढ). दुसरी खुद्द अस्तर: विषाणूचा संसर्ग, तीव्र रसायने, वय. तिसरी तंतू आणि मेंदू: डोक्याला मार लागला की चाळणीपाशी तंतू तुटू शकतात, पार्किन्सन या मेंदूच्या आजारात हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वास मंदावलेला असू शकतो. काहींना जन्मापासूनच वास येत नाही.

दिलाशाची गोष्ट अशी की गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. सरावाचा सगळा आधार हाच आहे.

घरी तपासताना होणारी चूक

“बाम लावला की कळतं, म्हणजे वास येतोय,” असे पुष्कळजण समजतात. बाम, निलगिरी, अमोनिया यांचा थंडावा किंवा झोंबणे चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेला कळते. वास पूर्ण गेलेल्यालाही ते जाणवते. तेव्हा निलगिरीची बाटली कळली म्हणून सराव थांबवू नका. खरा निकाल गुलाबाच्या बाटलीचा, कारण तो गंध झोंबत नाही.

“चव गेली” ही तक्रारही बहुतेकदा वासाचीच असते. डोळे मिटून जिभेवर साखर, मग मीठ ठेवून पाहा. गोड-खारट कळले तर जीभ ठीक आहे. बाकीचा स्वाद घशामागून नाकात चढणाऱ्या गंधाचा असतो.

तज्ज्ञ काय तपासतात

दुर्बिणीने नाक आतून पाहतात. पॉलिप किंवा सायनसची शंका असेल तर सीटी स्कॅन, मार लागला असेल किंवा कारणच सापडत नसेल तर एमआरआय. वास मोजण्यासाठी गंधाच्या पेनांची चाचणी असते: किती सौम्य गंध कळतो, दोन गंधांतला फरक कळतो का, आणि गंध ओळखता येतो का. प्रत्येकाला १६, एकूण ४८ गुण. १६ किंवा त्याहून कमी म्हणजे वास जवळजवळ गेलेला. ही चाचणी सरावाआधी करून आकडा लिहून ठेवा. सुधारणा इतकी हळू होते की नुसत्या आठवणीवर ती पकडता येत नाही.

एकाच नाकपुडीतून रक्त येणे किंवा ती कायम बंद राहणे, मार लागल्यानंतर नाकातून पाण्यासारखा स्राव, नजरेत फरक: यांपैकी काहीही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

उपचार

सूज असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टेरॉइडचा फवारा, पॉलिप असेल तर गरजेनुसार शस्त्रक्रिया. धुण्याचे पाणी उकळून थंड केलेलेच हवे. नळाचे थेट वापरू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने. जस्ताची जेल नाकात घालू नका: वास गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला होता.

विषाणूमुळे गेलेल्या वासावर सरावाचा सर्वाधिक भरवसा आहे. डोक्याच्या मारानंतर आशा कमी असते, हे आम्ही विकत असूनही स्पष्ट सांगतो.

सराव

सकाळी आणि रात्री, शांत जागी. बाटली नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा आणि सुमारे १० सेकंद हलके, छोटे हुंगा. जोरात ओढू नका. हुंगताना तो गंध पूर्वी कसा होता ते मनात आणा. झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा, मग पुढची बाटली. एकूण पाच मिनिटे पुरतात.

निदान १२ आठवडे रोज करा. शक्य तर पुढे गंध बदलून चालू ठेवा. पहिल्या महिन्यात काहीच कळले नाही म्हणून बहुतेकजण सोडतात, तिथेच घोटाळा होतो. मध्येच कॉफी, कांदा, लसूण यांना जळका किंवा सडका वास येऊ लागला तर घाबरू नका. विषाणूनंतरच्या सुधारणेत असे पुष्कळदा होते. तो गंध तेवढा टाळा, सराव चालू द्या.

झाकणांची अदलाबदल करू नका, गंध मिसळतात. लिंबाचे तेल सर्वांत आधी उतरते. तीन महिन्यांनी बाटल्या बदला. घरातल्या दुसऱ्या कुणाला हुंगायला देऊन गंध शाबूत आहे ना ते अधूनमधून पाहा. तेल त्वचेला, नाकात लावू नका. लवंग आणि निलगिरीचे तेल पोटात गेले तर विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वास परतेपर्यंत

घरात धुराचा आणि गॅसचा गजर लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा गजर जमिनीलगत. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, त्याचा छताजवळ. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा आणि शंका आली तर दुसऱ्याला हुंगायला सांगा.