खडखड्या: ज्वारी पडते ती वाऱ्याने नव्हे

रात्री वारा सुटतो आणि सकाळी निम्मी ज्वारी लोळलेली दिसते. खापर वाऱ्यावर फुटतं. पण पडलेलं एखादं ताट बुडाशी दोन बोटांत दाबून पाहा. वाळक्या नळीसारखं चेपलं, तर विळ्याने उभं चिरा. आतला गर गेलेला, नुसत्या दशा उरलेल्या आणि त्यांवर कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. हा खडखड्या रोग, रब्बी ज्वारीचा जुना वैरी.

ते ठिपके म्हणजे ‘मॅक्रोफोमिना फॅसिओलिना’ या बुरशीचे घट्ट गोळे. एकेक गोळा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, पण मातीत तो वर्षानुवर्षं तग धरतो. पिकाची फेरपालट करून फारसं साधत नाही, कारण सोयाबीन, मूग, तीळ, सूर्यफूल अशा 500 हून अधिक वनस्पतींवर ही बुरशी जगते.

मग ती दरवर्षी सगळं रान का खात नाही? कारण धडधाकट ताटापुढे तिचं फारसं चालत नाही. कणसात दाणा भरू लागला की त्याला साखर लागते. जमिनीत ओल असेल तर पानं ती पुरवतात. ओल संपली की पानं थकतात आणि ताट स्वतःच्या पोटातली साखर कणसाकडे पाठवू लागतं. लेकरांसाठी आई उपाशी राहते, तसंच. बुडाच्या पेशी अशा खंगल्या की मुळांतून शिरलेल्या बुरशीला रान मोकळं. तिला उष्णताही मानवते. 35 अंशांच्या आसपास ती फोफावते.

म्हणून ताट पडल्यावर औषध फवारणं मला पैसे वाया घालवणं वाटतं. बुरशी ताटाच्या आत, फवारा पानांवर. पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळणं चांगलंच, पण खरा इलाज ओल राखण्याचा. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान उरकली, तर दाणा भरेपर्यंत ओल पुरण्याची आशा असते. दोन ओळींत 45 आणि दोन ताटांत 15 सेंटिमीटरपेक्षा दाटी नको, कारण जितकी ताटं जास्त तितके पाण्याचे वाटेकरी जास्त. नत्राचा मारा तर नकोच. पेरणीनंतर आठव्या आठवड्यातली तिसरी कोळपणी, दातेरी कोळप्याची, बरेच जण टाळतात. खरं तर काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात त्या तिनेच, आणि ओल उडून जाते ती भेगांतूनच. एकच पाणी देता येत असेल तर ते पीक पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या वेष्टनात, असताना द्यावं.

वाणही जमीन बघून निवडावा: हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, भारीत फुले वसुधा. दाणे भरतानाही ज्यांची पानं हिरवी राहतात, ते वाण या रोगापुढे जास्त टिकतात.

आपल्याकडे रब्बी ज्वारी उपटून काढतात. रोगट ताट उपटायला गेलं की बुडाशीच तुटतं आणि धसकट मातीत राहतं, काळ्या ठिपक्यांसकट. ते वेचून बांधाबाहेर काढायला हवं.