हत्ती आणि सात मिलिमीटरची गोळी

जनावर जेवढे मोठे तेवढी गोळी मोठी, हा हिशेब वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खोटा ठरवला. हस्तिदंतासाठी त्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ मिमी व्यासाच्या, जेमतेम ११ ग्रॅमच्या गोळीने. हा आकडा वाचताना पोटात कालवते. पण त्या गोळीतले भौतिकशास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

हत्तीचा मेंदू कवटीत बराच मागे असतो आणि त्याच्यापुढे मधाच्या पोळ्यासारखे पोकळ्यांचे जाड हाड. तिथवर पोचायला गोळीचे नुसते वजन कामाचे नाही. वजन भागिले छेदाचे क्षेत्रफळ, हा भागाकार महत्त्वाचा. दाभण पोत्यात शिरतो, हातोडी शिरत नाही, ते याच कारणाने. आता आकडे बघा. बेलची गोळी ११.२ ग्रॅम, छेद ०.४१ चौरस सेंटिमीटर: भागाकार २७. हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश बंदूक कंपनीची १९१२ सालची .३७५ (हा आकडा म्हणजे गोळीचा इंचांतला साधारण व्यास): १९.४ भागिले ०.७१, पुन्हा २७. हत्तींसाठीच्या जड रायफलींचे अगडबंब काडतूस .४७० नायट्रो एक्सप्रेस: ३२.४ भागिले १.१४, म्हणजे २८! वजन जवळजवळ तिप्पट, भागाकार तोच. वेगही तिघींचे साधारण सारखेच.

अट एवढीच, की गोळीने आकार बदलता कामा नये. शिशाचे टोक उघडे असेल तर ते हाडावर आपटून फुलते. व्यास दुप्पट झाला की भागाकार पाव होतो. म्हणून हत्तीसाठी पोलादी कवचाची किंवा सबंध पितळेची ‘सॉलिड’ गोळी. आणि तिचे टोक बोथट हवे. अणकुचीदार गोळीचा गुरुत्वमध्य मागे असतो. हवेत तिला नळीतल्या आट्यांनी दिलेली गिरकी सरळ ठेवते, पण मांस हवेच्या शेकडो पट घन. तिथे गिरकी अपुरी पडते आणि गोळी आडवी होते. चपटे टोक मात्र मांस बाजूला भिरकावून स्वतःभोवती पोकळी तयार करते. गोळीच्या कुशींना फारसा स्पर्शच होत नाही, मग तिला वळवणार कोण?

‘नॉक-डाउन पॉवर’च्या, म्हणजे गोळीच्या धक्क्यानेच जनावर आडवे होते असे सांगणाऱ्या, जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. .४७०च्या गोळीचा सगळा संवेग ७०० किलोच्या केप बफेलोला, म्हणजे आफ्रिकेतल्या रानम्हशीला, दिला, तरी तो सेकंदाला फार तर ३ सेंटिमीटर सरकेल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे शिकाऱ्याच्या खांद्यालाही निदान तेवढाच धक्का बसतो.

मग मोठे काडतूस कशाला? बेलने हत्तींच्या कवट्या कापून मेंदूची जागा पाठ केली होती. इतरांचा नेम चुकतो, आणि जखमी बफेलो झुडपातून अंगावर येतो तेव्हा रुंद जखम आणि मोडलेले हाडच उपयोगी पडते. नामिबियात हत्ती-बफेलोसाठी नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० ज्यूल ऊर्जा हवी, असा कायदा आहे. बेलच्या काडतुसाची सुमारे २,७०० भरते. .३७५ची भरते सुमारे ५,७००, आणि तिचा धक्का बहुतेकांना सरावाने सोसतो. त्याहून जड रायफल घेतली की खांदा आधीच धास्तावतो, चाप ओढतानाच नळी हलते आणि गोळी मेंदूऐवजी त्या पोकळ हाडात जाते.