पाळी पुढे ढकलायची गोळी आली कुठून

श्रावण सरत आला की पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांकडे एक प्रश्न ठरलेला: गौरी येणार त्याच दिवशी तारीख आहे, पाळी पुढे जाईल का? लग्न, मुंज, वारी हीसुद्धा कारणे असतात. पूर्वी यावर उपाय एकच होता. जिची अडचण तिने बाजूला बसायचे आणि पूजा जावेने करायची. (गौरींच्या आधी दोन-तीन दिवस ऋषिपंचमी असते आणि तेही पाळीतल्या शिवाशिवीच्या 'दोषा'साठीच सांगितलेले व्रत, हा योगायोग गमतीचा आहे.)

गोळी मात्र पूजेसाठी जन्मली नाही. पाळी रोखून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक 1934 मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे झाले, पण तोंडाने घेतले तर त्याचा फारसा उपयोग होत नसे. मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून हे संप्रेरक स्वस्तात करता येऊ लागले आणि 15 ऑक्टोबर 1951 रोजी मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स या औषध कंपनीत लुईस मिरामोन्तेस यांनी प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारे नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे आजच्या या गोळीतले औषध, तयार केले. त्यांचे मार्गदर्शक होते कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ. हे संयुग पोटातून घेतले तरी टिकत होते. अमेरिकेत 1957 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून त्याचा वापर नंतरचा. आपल्याकडे नॉरएथिस्टेरॉनची 5 मिलिग्रॅमची प्रायमोल्युट-एन इतकी रुळली की इतर कंपन्यांच्या गोळ्याही त्याच नावाने मागितल्या जातात.

जुन्या पिढीतल्या बायका या गोळीला बिचकतात, त्यामागे वेगळा इतिहास आहे. एकेकाळी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या 'पाळी आणायला' किंवा दिवस गेलेत का ते पाहायला सर्रास दिल्या जात. गर्भाला अपाय होत असल्याची शंका बळावली, महिला संघटनांनी आवाज उठवला आणि 1988 मध्ये भारतात त्या मिश्रणांवर बंदी आली. पाळी लांबवायची गोळी ती नव्हे. तरीही गरोदरपणाची शक्यता असेल तर डॉक्टर आधी लघवीची तपासणी करायला लावतात.

ठरलेली पद्धत अशी: अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून 5 मिलिग्रॅमची एकेक गोळी दिवसातून तीनदा. तारीख 10 असेल तर 7 ला सुरुवात. 17 पर्यंत थांबवायची असेल तर 11 दिवस, म्हणजे 33 गोळ्या. गोळी बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. दोन आठवड्यांपलीकडे सहसा ताणत नाहीत.

फसते ते बहुधा सुरुवातीलाच. आदल्या दिवशी घाईने सुरू केलेली गोळी भरवशाची नसते आणि पाळी सुरू झाल्यावर तर वेळ गेलेलीच असते. उपासाच्या किंवा स्वयंपाकाच्या गडबडीत दुपारची गोळी राहिली की डाग लागू लागतात. मळमळ, डोकेदुखी, छाती जड होणे हेही होऊ शकते. शिवाय पाळी लांबवायला घेतलेल्या या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून धरायच्या नाहीत. जिची गर्भनिरोधक गोळी नेहमीचीच चालू आहे, तिला बहुतेकदा वेगळी गोळी लागतही नाही. मधली सुट्टी न घेता दुसरे पाकीट चालू करता येते का, एवढे विचारावे.

शेजारणीच्या पाकिटातून ही गोळी का घेऊ नये, याचे कारण बरेच नंतर स्पष्ट झाले. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमध्ये, बदलतो आणि त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम पोटात गेले तर ते साधारण 20 ते 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका गर्भनिरोधक गोळीइतके भरते. म्हणून डॉक्टर रक्तदाब मोजतात, वजन पाहतात आणि विचारतात: पायात किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली होती का? घरात कुणाला? डोळ्यांपुढे चमक दिसून होणारी अर्धशिशी, यकृताचा विकार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव? क्षयाची रिफाम्पिसिन किंवा फिटची कार्बामाझेपिन चालू असेल तर गोळीचा असर घटतो. गुठळीचा धोका असलेल्या बाईला काही डॉक्टर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे त्याच जातीचे दुसरे औषध 10 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात, कारण त्याचे असे रूपांतर होत नाही.

जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि चालू औषधांची चिठ्ठी न्यावी, आणि जायचे तेही तारखेच्या आठवडाभर आधी. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखले तर गोळी थांबवून थेट रुग्णालय गाठायचे. गोळ्या संपून आठवडा झाला तरी पाळी आली नाही तर पुन्हा लघवीची तपासणी.