घरच्या घरी मसा: मक्यापासून तोर्तिया, तमाल आणि इतर पदार्थ

दुकानातून मक्याचं पीठ आणलं, कोमट पाण्यात मळलं, तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ मेक्सिकन पोळी, दाबली आणि तिला चारी बाजूंनी चिरा पडल्या. ग्राहकांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. यात हाताचा दोष नाही, कारण त्या पिठाची तोर्तिया होतच नाही. मेक्सिकोत ज्या उंड्याची तोर्तिया करतात त्याला मसा म्हणतात. त्यासाठी अख्खा वाळका मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर त्याच पाण्यात मुरू देतात. असा मुरवलेला मका म्हणजे निक्स्तमाल. नाहुआत्ल भाषेत नेक्स्त्ली म्हणजे राख आणि तमाल्ली म्हणजे मक्याचा वाफवलेला उंडा, या दोन शब्दांतून हे नाव आलं. निक्स्तमाल नीट झाला की पुढचं काम सोपं होतं. तो बिघडला तर पुढे कितीही मळा, कितीही पाणी घाला, पीठ सावरत नाही. म्हणून खोक्याबरोबरच्या या पत्रकात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टींची गल्लत होते. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च, ते सूप घट्ट करायला वापरतात. मक्याचं पीठ म्हणजे वाळका मका तसाच दळलेला, जे मक्याच्या रोटीसाठी असतं. मसा हरिना म्हणजे निक्स्तमाल दळून, वाळवून केलेलं पीठ. तिघांचा रंग जवळपास सारखा असला तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

चुना नेमकं काय करतो

मक्याच्या दाण्यावरचं साल हेमिसेल्युलोज या तंतुमय पदार्थामुळे घट्ट बसलेलं असतं. चुन्याच्या पाण्यात ते विरघळायला लागतं, साल सुटतं आणि त्यातला डिंकासारखा चिकट अंश दाण्यातच राहतो. आतला स्टार्च अर्धवट शिजून फुगतो. मक्यात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे उंडा धरून ठेवायचं काम या डिंकावर आणि फुगलेल्या स्टार्चवर पडतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली की भाकरी थापताना मोडते, हे घरोघरी माहीत आहे. साध्या मक्याच्या पिठात तर विरी मुळातच कमी असते. ती चुना आणतो.

फायदा पोटालाही होतो. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, ते शरीराला फारसं मिळत नाही. चुन्यात शिजवल्यावर ते मोकळं होतं, शिवाय कॅल्शियमही वाढतं. मका युरोपात पोचला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही. जिथे गरीब माणसं मक्यावरच जगू लागली तिथे पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार पसरला. स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या डॉक्टरांनी 1735 मध्ये त्याची लक्षणं नोंदवली होती.

मका आणि चुना निवडताना

या खोक्यात 1 किलो पांढरा वाळका मका, खाण्याच्या चुन्याच्या 10 ग्रॅमच्या पाच पुड्या, तमालसाठी मक्याची वाळकी सालपटं आणि 20 सेंटिमीटरचा लोखंडी दाबयंत्राचा साचा आहे. मका संपल्यावर बाजारातला पिवळा वाळका मका चालेल, पण तो खाण्यासाठी विकलेलाच असावा. पेरणीच्या बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असतं, गुलाबी किंवा निळसर रंग दिसतो. ते कितीही धुतलं तरी खायचं नाही. स्वीट कॉर्न आणि लाह्यांचा मका दोन्ही चालत नाहीत. पहिल्यात स्टार्च पुरेसा नाही आणि दुसऱ्याचं साल व गर फार टणक असतो.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पानाला लावतात तोच पदार्थ. पण पानवाल्याकडच्या ओल्या चुन्यात किती पाणी आहे याचा अंदाज नसतो आणि कधी त्यात सुगंधही मिसळलेला असतो. तोच वापरायचा झाला तर साधा, बिनवासाचा घ्या आणि कोरड्या चुन्याच्या साधारण दुप्पट वजनाने घाला. रंगकामाचा किंवा बांधकामाचा चुना अजिबात नको. कळीचा चुना तर पाण्यात पडताच उकळतो आणि भाजतो, तो स्वयंपाकघरात आणूच नका.

निक्स्तमाल: एका किलोचं प्रमाण

मका 1 किलो, चुना 10 ग्रॅम म्हणजे मक्याच्या वजनाच्या 1 टक्का, पाणी 3 लिटर. पातेलं स्टीलचं किंवा इनॅमलचं घ्या. ॲल्युमिनियम आणि हिंडालियमवर चुन्याची प्रक्रिया होते, भांडं काळं पडतं आणि धातू पाण्यात उतरतो.

मका दोनदा धुवा, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाका. थंड पाण्यात चुना ढवळून विरघळवा, मग मका घाला आणि मध्यम आचेवर ठेवा. काही मिनिटांतच दाणे गडद पिवळे दिसू लागतात. पांढरा मकासुद्धा पिवळसर होतो, घाबरू नका. कडेने बुडबुडे यायला लागले की आच बारीक करा. पाणी खळखळू नये, नुसतं हलत राहावं. तिथून पांढऱ्या मक्याला 30 ते 35 मिनिटं आणि टणक पिवळ्याला 40 ते 45 मिनिटं लागतात.

घड्याळापेक्षा दाणा खरं सांगतो. एक दाणा गार पाण्यात टाकून बोटांत चोळा: साल बुळबुळीत होऊन सुटायला हवं. मग दाणा दातांनी अर्धा तोडा. कडेचा भाग शिजल्यासारखा आणि मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद करा. ठिपका दाण्याच्या निम्म्याहून मोठा असेल तर आणखी दहा मिनिटं द्या. ठिपका उरलाच नसेल तर मका तोर्तियासाठी जास्त शिजला आहे. तो पोसोले या रश्श्यासाठी ठेवा, त्याला असाच मऊ दाणा लागतो.

झाकण ठेवून 10 ते 12 तास तसंच मुरू द्या. सकाळी उरलेलं पिवळं, दाटसर पाणी म्हणजे नेखायोते. ते बेसिनमध्ये भरपूर पाण्याबरोबर ओता, कुंड्यांना घालू नका. हाताला चिरा असतील तर हातमोजे घाला. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा.

आता धुणं. दोन पाण्यांत हलक्या हाताने चोळा, तिसऱ्यात नुसतं खंगाळा. सगळी सालं काढायची नाहीत, थोडी राहू द्या. त्यांच्यातला डिंकच तोर्तियाला मऊपणा देतो. चार-पाच पाण्यांत स्वच्छ पांढरा केलेला मका दिसायला देखणा, पण उंडा कोरडा आणि भुसभुशीत होतो. पुरेसा न धुतलेला मका साबणासारखा लागतो.

दळणं

मेक्सिकोत हे काम पूर्वी मेतातेवर होई. मेताते म्हणजे तीन पायांचा, किंचित उतरता, काळ्या ज्वालामुखी दगडाचा पाटा. आपल्या पाटा-वरवंट्यासारखीच पुढे-मागे घासायची रीत, पण गुडघ्यांवर बसून. आता गल्लोगल्लीच्या मोलिनोत, म्हणजे गिरणीत, त्याच दगडाच्या चकत्यांवर दळतात.

घरी हाताने फिरवायची लोखंडी चक्की असेल तर दोनदा दळा: पहिल्यांदा चकत्या थोड्या सैल, दुसऱ्यांदा घट्ट. मिक्सर वापरायचा तर चटणीच्या भांड्यात एका वेळी 150 ग्रॅम, दोन चमचे पाणी घालून, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि पीठ चिकट होतं. वेट ग्राइंडरला पाणी जास्त लागतं, म्हणून शेवटी 2 ते 3 चमचे मसा हरिना मिसळून उंडा आवळून घ्या. 1 किलो मक्यातून साधारण 2 किलो मसा मिळतो, म्हणजे 30 ग्रॅमच्या 60 ते 65 तोर्तिया.

मसा हरिनापासून करताना 250 ग्रॅम पिठाला 350 ते 375 मिलिलिटर कोमट पाणी घ्या. तीन-चार मिनिटं मळा आणि ओल्या फडक्याखाली 20 ते 30 मिनिटं ठेवा. ही विश्रांती टाळू नका, कोरडे कण तेवढ्या वेळात पाणी पितात. मुरल्यानंतर मसा पुन्हा कोरडा वाटला तर पाण्याचा हात लावून मळा.

पाणी बरोबर आहे का हे असं पाहा. लिंबाएवढा उंडा तळहातावर ठेवून दाबा. कडेला चिरा पडल्या तर एक चमचा पाणी घाला. हाताला चिकटला तर पाच मिनिटं उघडा ठेवा. मेक्सिकोत तोर्तियात सहसा मीठ घालत नाहीत.

तोर्तिया

दुधाच्या पिशवीचं जाड प्लास्टिक धुऊन, पुसून, दोन गोल कापा. त्यांच्यामध्ये 30 ग्रॅमचा उंडा ठेवून साच्याने दाबा, मग अर्धं फिरवून पुन्हा हलकं दाबा. तोर्तिया 14 ते 15 सेंटिमीटरची आणि सगळीकडे सारखी हवी. वरचं प्लास्टिक काढा, तोर्तिया बोटांवर पालथी घ्या, खालचं प्लास्टिक सोलून काढा आणि हात तव्याच्या जवळ आणून ती अलगद सरकवा. वरून टाकली तर खाली हवा अडकते आणि घडी पडते.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी, चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच नाचून उडायला हवा. नॉनस्टिक एवढा तापवू नये. पहिली बाजू 15 ते 20 सेकंद, कडा तव्यापासून सुटेपर्यंतच. उलटा. दुसरी बाजू 45 ते 60 सेकंद, तपकिरी ठिपके येईपर्यंत. पुन्हा उलटा आणि मधोमध बोटांनी हलकेच दाबा. आतली वाफ पापुद्रा उचलते आणि तोर्तिया फुलक्यासारखी टम्म फुगते. पहिली बाजू जास्त भाजली तर तिच्यातून वाफ निसटते आणि पापुद्रा सुटत नाही. फुगत नसेल तर आधी तवा तपासा, मग उंड्यातलं पाणी, आणि शेवटी दळण. भरड दळणाची तोर्तिया कधीच नीट फुगत नाही.

काढली की लगेच जाड सुती कापडात, दुरडीत, एकावर एक. दहा मिनिटं तशीच गुंडाळून ठेवल्यावर वाफेने ती मऊ होते. तव्यावरून थेट ताटात वाढलेली पहिली तोर्तिया दुमडताना मोडते म्हणून पुष्कळ जण पिठाला दोष देतात. तिला फक्त ही दहा मिनिटं मिळालेली नसतात.

सोपे, गोर्दिता, त्लाकोयो

‘सोपे’ म्हणजे उभ्या कडांची लहान, जाड तोर्तिया. तिच्यासाठी 50 ग्रॅमचा उंडा, 8 ते 9 सेंटिमीटर रुंद आणि जाडसर. दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजा आणि गरम असतानाच चिमटीने कडा उभ्या करा. बोटं भाजतात, पण गार झाल्यावर कडा तडकते. मग थोड्या चरबीत किंवा तेलात खालची बाजू खरपूस करून वर कुस्करलेली शिजवलेली बीन्स, सालसा (टोमॅटो-मिरचीची चटणी), चीज. गोर्दिता 1 सेंटिमीटर जाड ठेवतात, भाजून झाल्यावर कडेने चिरून आत भरतात. त्लाकोयो लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आत आधीच बीन्स भरलेला असतो आणि कोरड्या तव्यावरच भाजतात. मेक्सिको सिटीच्या बाजारांत त्यावर निवडुंगाचे तुकडे घालून देतात.

तमाल

तमाल म्हणजे सालपटात किंवा पानात गुंडाळून वाफवलेला, सारण भरलेला मसा. त्यासाठी मसा थोडा भरड हवा. 1 किलो मसा, 320 ग्रॅम डुकराची चरबी (शाकाहारी घरात थिजलेलं साजूक तूप), 250 ते 300 मिलिलिटर कोमट रस्सा किंवा भाज्यांचं पाणी, 15 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम बेकिंग पावडर. आधी चरबी एकटीच फेटा, पांढरी आणि हलकी होईपर्यंत, यंत्राने पाच-सात मिनिटं. मग मसा थोडा थोडा आणि रस्सा आलटून पालटून. गार पाण्याच्या पेल्यात वाटाण्याएवढा गोळा सोडा. तरंगला तर झालं, बुडला तर आणखी फेटा. दडस तमालचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

सालपटं गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. गुळगुळीत बाजूवर दोन चमचे मसा पसरा, मधोमध सारण ठेवा, घडी घाला आणि शेपूट खाली दुमडा. मेक्सिकोच्या वाहाका आणि युकातान या राज्यांत केळीच्या पानात करतात. पान आधी विस्तवावर शेकून घेतलं की चिरत नाही. मोदकपात्र यासाठी उत्तम: तमाल उघडं टोक वर ठेवून उभे रचा, वर ओलं फडकं घाला, 60 ते 75 मिनिटं वाफवा. मेक्सिकन घरांत पात्राच्या तळाशी पाण्यात एक नाणं टाकतात. पाणी उकळत असेपर्यंत ते खडखडतं, आवाज थांबला की पाणी संपलं समजायचं. तेव्हा उकळतं पाणी कडेने ओता, थंड नको.

सालपट आतल्या उंड्याला न चिकटता सुटलं की तमाल शिजला. पण गॅस बंद करून 20 मिनिटं थांबा. गरमागरम उघडला की तो ओला, कच्चा वाटतो आणि पुन्हा वाफवायला ठेवला जातो, ज्याची गरज नसते. मेक्सिकोत 2 फेब्रुवारीला, कँडेलारियाच्या सणाला, तमाल असतातच. 6 जानेवारीच्या गोल पावात ज्याला लहानशी बाहुली सापडते, त्याने ते खाऊ घालायचे.

उरलेलं

मसा त्याच दिवशी वापरलेला चांगला. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. धुतलेला निक्स्तमाल फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो, म्हणून दळण लागेल तेवढंच करा. 100 ग्रॅम मसा उरला असेल तर एक लिटर पाण्यात किंवा दुधात कालवून गाळा, दालचिनी आणि गूळ घालून दाट होईपर्यंत ढवळत शिजवा. हे आतोले. मेक्सिकोत त्यात पिलोनसियो घालतात, तोही उसाचाच गूळ. शिळ्या तोर्तियांचे तुकडे तळून सालसात परततात, त्याला चिलाकिलेस म्हणतात. फोडणीच्या पोळीचा कुस्करा ज्या घरात आवडतो तिथे ते लगेच रुळतात. तोर्तिया निदान एक दिवसाची हवी, ताजी सालसात गळून जाते.