उंदरातल्या कर्कपेशींचा माग : क्वांटम डॉट मागवण्याआधी एवढं वाचा

आम्ही विकतो ते क्वांटम डॉट म्हणजे चमकते कण : ते कर्कपेशींत भरायचे, पेशी उंदराला टोचायच्या आणि त्या कुठे जातात ते कॅमेऱ्याने बघायचं. कुपीवरचा आकडा कणाच्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे त्याचा रंग सांगतो. ६५५ नॅनोमीटरची कुपी हातात आली की खोलीत अंधार करून तिच्यावर अतिनील टॉर्च धरा. एरवी कोऱ्या चहासारखं दिसणारं द्रावण लालभडक उजळतं. ८०० ची कुपी मात्र डोळ्यांना अंधारीच राहील. ती खराब नाही. तिचा प्रकाश अवरक्त आहे, तो कॅमेऱ्यालाच दिसतो. यावरून आम्हाला इतके फोन येतात की सुरुवातीलाच सांगून टाकलं.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा इवलासा स्फटिक. ६५५ मध्ये कॅडमियम सेलेनाइडचा गाभा, त्यावर झिंक सल्फाइडचं कवच आणि पाण्यात मिसळावा म्हणून वर पॉलिमरचा थर असतो. गाभा दोन नॅनोमीटरचा असला तर प्रकाश निळा, सहाच्या आसपास गेला की लाल. या कणांच्या शोधासाठी आणि ते नेमके बनवण्याच्या रीतीसाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जिवंत उंदरातली प्रोस्टेट कर्करोगाची गाठ या कणांनी उजळवून बाहेरून दाखवली ती अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या शुमिंग नी यांच्या गटाने, २००४ मध्ये.

कोणता रंग घ्यायचा? मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरून बघा. पलीकडे फक्त लाल येतं, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. त्यामुळे काचेच्या स्लाइडवर किंवा कातडीलगतच्या गाठीसाठी ६५५ चालेल, पण यकृत-फुप्फुसापर्यंत जायचं तर ८०० च घ्या.

इथे एक अनुभव सांगतो. एका प्रयोगशाळेतून फोन आला, ‘काहीच टोचलेलं नाही, तरी उंदराचं पोट चमकतंय.’ कारण खाद्यात निघालं. त्या गोळ्यांत लसूणघास होती, आणि घासातलं हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच लाल चमकतं. इमेजिंगच्या आठवडाभर आधीपासून लसूणघास नसलेलं शुद्ध खाद्य द्या. एक न टोचलेला उंदीर प्रत्येक वेळी सोबत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेऱ्यात दिसतो तो कणाचा प्रकाश, पेशीचा नव्हे. पेशी मेली तरी कण विझत नाही. तो मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशी, गिळतात आणि सिग्नल त्यांच्यासोबत फिरू लागतो. नवीन जागी ठिपका दिसला म्हणून लगेच मेटास्टेसिस, म्हणजे कर्करोग दुसरीकडे पसरला, असं लिहू नका. तिथलं ऊतक काढून त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. मोकळे कण यकृत आणि प्लीहेतही साचतात, तिथल्या उजेडाकडे तर संशयानेच बघा. शिवाय पेशी दुभंगली की कण दोघींत वाटले जातात. दहा विभाजनांनंतर प्रत्येकीकडे साधारण हजारावा हिस्सा उरतो. म्हणून टोचलेल्या पेशी पहिल्या काही दिवसांत कुठे जाऊन थांबल्या, हे बघायला आमचे कण उत्तम आहेत. गाठ महिनाभर वाढताना बघायची असेल तर ल्युसिफरेजचं, म्हणजे पेशीला स्वतःच प्रकाश तयार करायला लावणाऱ्या प्रथिनाचं, जनुक घातलेल्या पेशी वापरा. तिथे आमच्या मालावर पैसे घालवू नका.

कुपी फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये कधीच नको. गोठली की कण गुठळ्या धरतात आणि परत सुटे होत नाहीत. कण भरलेल्या पेशी दोनदा धुवा, टोचण्याआधी ट्रिपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींना चढतो) जिवंत किती ते मोजा. थोड्या पेशी न टोचता प्लेटमध्ये वाढवत ठेवा, चमक किती दिवस टिकते ते तिथेच कळेल. कणांत कॅडमियम आहे, तेव्हा उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, घातक रासायनिक कचऱ्यात द्या. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी असल्याशिवाय आम्ही माल पाठवत नाही.

कधी कधी रुग्णांचे नातेवाईकही मोठ्या आशेने फोन करतात. त्यांना मनापासून सांगतो : हे औषध नाही, आणि हे कण माणसाच्या शरीरात घालायचे नाहीत. उपचारांसाठी तुमच्या डॉक्टरांशीच बोला.